मामाचा एक्सपी: लोक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम का सोडत नाहीत?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता इयरफोन घरी विसरून लोकलमध्ये उभे आहेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले "अं" आणि खोकला काढलाय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचला. तो म्हणतो, "आमच्या कॉलेजच्या ऑफिसात अजून विंडोज ७ आहे. एवढी वर्षं झाली, हे लोक बदलत का नाहीत? आळशी आहेत का?" काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. मग मी माझ्या मामाचं ऐन लग्नसराईत चार दिवसांचं नुकसान केलं आणि मला अक्कल आली. तिथूनच सुरुवात करतो.

मी केलेला शहाणपणा

मामाची कराडला छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हॅण्डबिलं, वास्तुशांतीची निमंत्रणं, दशक्रियेची पत्रं, असं सगळं. कोपऱ्यात २००६ सालचा कॉम्प्युटर, त्यावर विंडोज एक्सपी. तोच हिरवा डोंगर आणि निळं आभाळ असलेला स्क्रीन, जो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी सायबर कॅफेत बघितलाय. (तो डोंगर खरा आहे बरं का. चार्ल्स ओ'रिअर नावाच्या फोटोग्राफरने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला फोटो आहे तो.)

मी २०१९ च्या दिवाळीत सुट्टीला गेलो होतो. कॉलेजात शिकत होतो, त्यामुळे सगळं येतं असा समज होता. मामाला म्हटलं, "मामा, एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलाय. केवढा धोका आहे! मी तुम्हाला नवा सेट करून देतो." मामा नको नको म्हणत होता. पण भाचा एवढा शिकतोय तर त्याचं मन कशाला मोडा, म्हणून गप्प बसला. साताऱ्याहून एक चांगला सेकंडहँड कॉम्प्युटर आणला, विंडोज १० टाकलं, जुन्यातल्या सगळ्या फायली कॉपी केल्या. आणि जुना कॉम्प्युटर? मामेभावाला गेम खेळायला हवा होता, म्हणून तो फॉरमॅट मारून टाकला. फायली तर घेतल्या होत्या ना!

सकाळी मामाने नव्या कॉम्प्युटरवर एका पत्रिकेची फाईल उघडली. 'चि. सौ. कां.'च्या जागी कंस, डॉलरची चिन्हं आणि सुटी सुटी इंग्रजी अक्षरं. गणपतीच्या खाली 'श्री गणेशाय नमः'च्या ठिकाणी तर शिवी दिल्यासारखं काहीतरी दिसत होतं. दुसरी फाईल उघडली, तेच. तिसरी, तेच. तेरा वर्षांचं काम डोळ्यासमोर होतं आणि त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

मामा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "अरे बाबा, मी विंडोज कधी वापरलंच नाही. मी पत्रिका करतो. त्याच्या खाली काय असतंय ते मला कशाला पाहिजे?"

आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या वाक्यात आहे.

फायली होत्या, मग अक्षरं कुठे गेली?

हे जरा समजून घेऊया, कारण हा खास आपल्या भाषेचा प्रश्न आहे.

आज तुम्ही फोनवर 'क' टाइप करता तेव्हा फोन एक क्रमांक साठवतो. युनिकोड नावाच्या जागतिक तक्त्यात 'क'चा क्रमांक २३२५ आहे. हा क्रमांक तुमच्या फोनमध्ये, माझ्या लॅपटॉपवर, अमेरिकेतल्या सर्व्हरवर, सगळीकडे 'क'च. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे.

पण तक्त्यात असणं वेगळं आणि कॉम्प्युटरला येणं वेगळं. विंडोज एक्सपीमध्येसुद्धा देवनागरी नीट दिसायला आधी सेटिंगमध्ये जाऊन ती सोय चालू करावी लागायची, बहुतेक वेळा त्यासाठी सीडी घालावी लागायची. आणि छपाईवाल्यांचं खरं दैवत होतं पेजमेकर. त्याला युनिकोडमधली मराठी येतच नव्हती. मग आपल्याकडच्या लोकांनी जुगाड केला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फॉन्ट बनवले. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा 'र' वेगळा. स्क्रीनवर आणि कागदावर सुंदर मराठी, पण फाईलच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो ठरावीक फॉन्ट असेल तरच ती मराठी. फॉन्ट नसला की उरतो तो कचरा.

हा जुगाड फालतू होता असं समजू नका. एका पिढीची मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, वर्तमानपत्रं त्याच्यावर छापली गेली.

आता मामाचं घोडं कुठे अडलं? त्याचे फॉन्ट एका पॅकेजमधून यायचे आणि ते पॅकेज चालायला कॉम्प्युटरच्या मागे एक छोटा प्लास्टिकचा ठोकळा लावावा लागायचा. डीटीपीवाले त्याला 'लॉक' म्हणतात. हे लॉक जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसायचं. मी आणलेल्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नव्हतं! लॉक नाही म्हणून पॅकेज नाही, पॅकेज नाही म्हणून फॉन्ट नाहीत, फॉन्ट नाहीत म्हणून मराठी नाही. समजा पोर्ट असतं, तरी मी टाकलेलं विंडोज ६४-बिटचं होतं. त्यावर एकदम जुने १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत आणि जुने ड्रायव्हरही ते घेत नाही.

म्हणजे बघा, ऑपरेटिंग सिस्टिम हे घराचं जोतं आहे. मी म्हणत होतो, "जोतं जुनं झालंय, बदलूया." पण त्यावर घर उभं आहे, घरात माणसं राहतायत, याचा मी विचारच केला नव्हता. माणसं जुन्या सिस्टिमला चिकटलेली दिसतात, पण खरं तर ती त्यावर चालणाऱ्या एखाद्या कामाला चिकटलेली असतात. ते काम हलत नाही, म्हणून खालचंही हलत नाही.

आणि "नवीन सॉफ्टवेअर घ्या ना" हे उत्तरही वाटतं तेवढं सोपं नव्हतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली आणि कंपनीने पुढे इनडिझाइनवर जोर दिला. पण त्या इनडिझाइनमध्ये मराठीसारख्या भारतीय लिप्यांची नीट सोय यायला २०१२ साल उजाडलं. म्हणजे दहा-अकरा वर्षं मराठी छपाईवाल्याला पुढे जायचा सरळ रस्ताच नव्हता. तो जागच्या जागी थांबला, हा आळस म्हणायचा का?

जगभरातले 'मामा'

तुम्हाला वाटेल, हे छोट्या गावातलं आणि पैसे नसलेल्यांचं दुखणं आहे. तर चला सॅन फ्रान्सिस्कोला. म्हणजे जिथून तुमच्या फोनमधली निम्मी ॲप्स येतात, त्या भागात.

तिथल्या शहर वाहतूक सेवेच्या भुयारी मार्गावर गाड्या आपोआप चालवणारी एक यंत्रणा १९९८ मध्ये बसवली. ती फ्लॉपी डिस्कवरून चालते. तुम्ही फोटोत बघितलेली कडक छोटी फ्लॉपी नाही, त्याच्याही आधीची, सव्वापाच इंची, वाकणारी. यंत्रणा सुरू करताना सॉफ्टवेअर या फ्लॉपीवरून लोड करावं लागतं. बदलायचं ठरलं तेव्हा २०२४ मध्ये हिताची रेलबरोबर २१ कोटी २० लाख डॉलरचा करार मंजूर झाला, आणि कामाला कित्येक वर्षं लागणार आहेत. फ्लॉपी तर काही रुपयांची असते. मग एवढा खर्च कशाला? कारण फ्लॉपीबरोबर कॉम्प्युटर, केबल, रुळांवरची आणि गाडीतली यंत्रणा, सगळंच बदलायचंय. तेही रोज लोकांची ने-आण चालू ठेवून.

पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर नोव्हेंबर २०१५ मध्ये धुक्यात विमानं काही वेळ थांबवावी लागली होती. वैमानिकांना हवामानाची माहिती देणारी एक यंत्रणा बंद पडली आणि ती चालत होती विंडोज ३.१ वर. ही १९९२ सालची आवृत्ती आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. रेल्वे, विमानतळ, हॉस्पिटलमधलं स्कॅनिंग मशीन, कारखान्यातलं लेथ, या वस्तू वीस-तीस वर्षं टिकाव्यात म्हणून घेतात. आणि ऑपरेटिंग सिस्टिमला कंपनी साधारण दहा वर्षं सांभाळते. एक्सपीला बारा-तेरा वर्षं मिळाली तीच कौतुकाची गोष्ट. म्हणजे बैलगाडी आणि बैल यांचं आयुष्य आधीपासूनच जुळत नाही. त्यात हॉस्पिटलच्या मशीनचं सॉफ्टवेअर बदललं की त्याची पुन्हा तपासणी आणि मंजुरी लागते. ते नसतं कुणी अंगावर घेत.

आणि सवय? सवयही आहेच. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ मध्ये टीव्हीवर सांगितलं होतं की ते डॉसच्या कॉम्प्युटरवर वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात. कारण काय, तर आपण छोटं अक्षर टाइप केलं की त्याने ते आपल्या मनाने मोठं करू नये. पण मंडळी, त्यांची एक गोष्ट लक्षात ठेवा: तो कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला नाही. याच्याकडे आपण परत येणार आहोत.

मग धोका खोटा आहे का?

अजिबात नाही. मी मामाला धोका सांगितला तो खराच होता, फक्त मला तो नीट समजलेला नव्हता.

सपोर्ट संपला म्हणजे काय होतं? कॉम्प्युटर बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं तसंच चालतं, म्हणून तर लोकांना वाटतं की उगाच घाबरवतायत. बंद होतात ती सुरक्षेची ठिगळं. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये छिद्रं सापडतच राहतात. सपोर्ट आहे तोवर कंपनी ती बुजवते. नंतर छिद्र सापडलं तर ते उघडंच राहतं. त्यात आणखी एक गंमत, म्हणजे वाईट गंमत: नव्या आवृत्तीचं ठिगळ आलं की चोर ते उलगडून बघतात, छिद्र नेमकं कुठे होतं ते शोधतात आणि जुन्या आवृत्तीत तेच छिद्र आहे का ते तपासतात. बऱ्याचदा असतं.

१२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' आला. कॉम्प्युटरमधल्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपण होऊन जायचा, कुणी काही क्लिक करायची गरज नव्हती. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला जबर फटका बसला. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८१ हॉस्पिटल ट्रस्टचं काम विस्कळीत झालं आणि अंदाजे १९ हजारांवर अपॉइंटमेंट रद्द झाल्या. ऑपरेशनसाठी उपाशी बसलेल्या माणसाला घरी पाठवलं जातं तेव्हा 'अपडेट' हा शब्द एकदम वेगळा ऐकू येतो.

तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं जुन्या एक्सपीकडे. मायक्रोसॉफ्टनेही सपोर्ट संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठी अपवाद म्हणून ठिगळ काढलं. पण नंतर चौकशीत दिसलं की त्या हॉस्पिटलांमधले बाधित कॉम्प्युटर बहुतेक विंडोज ७ चे होते. तेव्हा विंडोज ७ ला सपोर्ट चालू होता! ठिगळ १४ मार्चलाच आलं होतं. दोन महिने ते लावलंच नव्हतं.

म्हणजे नुसतं 'जुनं' असण्यापेक्षा 'नेटवर्कला जोडलेलं आणि दुर्लक्षित' असणं जास्त घातक ठरलं. आणि शहाणपण लगेच आलं असंही नाही. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा हल्ला झाला. तो युक्रेनमधून सुरू झाला आणि पसरायला तेच छिद्रही वापरत होता. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेलं आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनमधलं भांडण आणि कंटेनर अडकले उरणला.

त्यामुळे कधीकधी ढकलावंच लागतं. आपल्याकडे कितीतरी एटीएम एक्सपीवर चालायची. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जूनमध्ये बँकांना टप्प्याटप्प्याची मुदत घालून दिली: जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम चालू सपोर्टच्या सिस्टिमवर आणा. एटीएम नेटवर्कला जोडलेलं असतं आणि त्यात लोकांचे पैसे असतात. तिथे "चालतंय की" म्हणून भागत नाही.

तुमच्या घरातला लॅपटॉप

आता जरा घरात बघू. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ घ्यायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ताईने २०१६ मध्ये इंजिनीअरिंगला घेतलेला लॅपटॉप अजून छान चालत असेल, तरी मायक्रोसॉफ्टच्या नियमाने तो अपात्र आहे. इथे माणूस आळशी नाही, त्याच्या वस्तूला दारातच अडवलंय. चांगला चाललेला लॅपटॉप फक्त यासाठी टाकून नवा घ्या, हे ज्याच्या घरी फी भरतानाच ओढाताण होते त्याला सांगून बघा.

पर्याय आहेत. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळायची सोय आहे, पण ती आपोआप होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. फक्त ब्राउझर, अभ्यास आणि सिनेमे एवढाच वापर असेल तर लिनक्स मिंट फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवर बरा पळतो. पण बाबांचं टॅली किंवा कुठलं ठरावीक सॉफ्टवेअर त्यावर असेल तर आधी ते चालेल का ते बघा. माझ्यासारखं करू नका.

आणि तुमच्या खिशातला फोन

मामाला हसणाऱ्यांनी आता आपला फोन काढा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जा, अँड्रॉइड व्हर्जन उघडा आणि सुरक्षा अपडेटची तारीख बघा. काहींच्या फोनवर दोन वर्षांपूर्वीची निघेल. तोही एक एक्सपीच आहे, फक्त त्यावर डोंगर नाही. आणि मामाच्या कॉम्प्युटरवर पत्रिका होत्या, तुमच्या फोनवर यूपीआय आहे.

यातही सगळा दोष तुमचा नाही. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस २४ पासून त्या महागड्या फोनना सात वर्षं अपडेट द्यायचं वचन आहे, स्वस्त फोनना त्याहून खूप कमी. म्हणजे सुरक्षाही खिसा बघून मिळते. पण अपडेट आलंय आणि तुम्ही रोज 'नंतर आठवण करा' दाबताय, तर तो दोष मात्र तुमचाच.

मामाचं पुढे काय झालं?

मामेभावाकडून जुना कॉम्प्युटर परत आणला. त्यावर पुन्हा एक्सपी टाकला. फॉन्टच्या पॅकेजची सीडी चरे पडून गेली होती. उंब्रजच्या एका ओळखीच्या प्रेसवाल्याकडे तीच आवृत्ती निघाली, लॉक मामाचं स्वतःचं होतंच. चौथ्या दिवशी संध्याकाळी स्क्रीनवर 'श्री गणेशाय नमः' दिसलं तेव्हा मामीने खरोखर कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. तोवर तीन ऑर्डरी शेजारच्या प्रेसला गेल्या होत्या.

मग आम्ही नीट बसून ठरवलं. एक्सपीच्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढली, ती कायमची. मेल, व्हॉट्सॲप, गिऱ्हाइकाने पाठवलेले फोटो, हे सगळं नव्या कॉम्प्युटरवर. तिथून पेन ड्राइव्ह स्कॅन करूनच जुन्यावर जातो. जुन्याची अख्खी हार्ड डिस्क जशीच्या तशी कॉपी करून दोन ठिकाणी ठेवली. नवीन गिऱ्हाइकाचं काम होईल तेवढं युनिकोडमध्ये. आणि प्रत्येक जुन्या कामाची पीडीएफ, म्हणजे उद्या फॉन्ट गेला तरी निदान वाचता येईल.

हे शेवटचं काम अजून चालूच आहे. मी सुट्टीत गेलो की रोज वीस-पंचवीस फायली करतो. त्यात माझ्या आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं निमंत्रण सापडलं, आजोबांच्या दशक्रियेचं पत्र सापडलं. 'आपले नम्र'खाली अख्ख्या भावकीची नावं. तो कॉम्प्युटर एक दिवस बंद पडणार आहे, त्याच्या आत हे सगळं बाहेर काढायचंय.

म्हणून कुणी जुनी सिस्टिम वापरताना दिसला तर त्याला नावं ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा. याच्यावर कुठलं काम अडलंय? हा नेटला जोडलेला आहे का? आणि आतल्या गोष्टींची दुसरी प्रत कुठे आहे? दुसऱ्याचं उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचं 'कुठेच नाही' असेल, तर घाई करा. पण पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय फॉरमॅट मारू नका.

तुमच्या घरी, दुकानात, कॉलेजात असा एखादा 'मामा' असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. आणि हो, सुरक्षा अपडेटची ती तारीख बघितलीत का? आधी ती बघा, मग पुढचा भाग ऐका. भेटूया!